रिक्षा टेम्पोत चढवताना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आसनगावला लोकल आली की स्टेशनबाहेरच्या रिक्षा भरू लागतात आणि माणसे शहापूरच्या दिशेने निघतात. मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणहून एसटीने तीन हात नाक्यापर्यंत आलो, तरी पुढे सरळगाव, धसई, टोकावडे, म्हसा अशा गावांकडे आणि गावांच्या पाड्यांकडे जायचे तर पुष्कळदा तीन चाकांचाच आधार असतो. शहापूर तालुक्यात किन्हवली, डोळखांबच्या बाजूलाही तसेच. बाजारचा माल, कोंबड्यांची खुराड्यातून वाहतूक, दवाखान्यात न्यायचा रोगी, शाळेची मुले, सगळे याच गाडीवर. अशी गाडी एखाद्या संध्याकाळी डोळखांबच्या पलीकडे बंद पडली, तर ती गावात आणायची कशी, हा आजचा विषय आहे.

सपाट रस्त्यावर आपल्याकडे एक जुनी पद्धत आहे. दुसरा रिक्षावाला मागून येतो, आपला एक पाय बंद रिक्षाच्या मागच्या बाजूला टेकवतो आणि तसाच ढकलत ढकलत मेकॅनिकच्या दारापर्यंत नेतो. ही शेजारधर्माची गोष्ट आहे आणि तिला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. पण उतारावर किंवा महामार्गावर ती करू नये. शिवाय काही वेळा ती करताच येत नाही. गिअरबॉक्स जाम झाला, मागच्या चाकाचे बेअरिंग गेले, अपघातात पुढचा फोर्क वाकला, तर गाडी लोळतच नाही. हल्ली विजेवर चालणाऱ्या रिक्षाही दिसतात. त्यांची मोटर चाकांना जोडलेली असते आणि चाके फिरली की मोटरही फिरते, म्हणून बंद पडलेली अशी गाडी चाकांवर लांबवर ओढत नेणे मोटरला आणि तिच्या विजेच्या जोडण्यांना बाधू शकते. आणखी एक प्रसंग खरेदीचा. कुणी नाशिकहून जुना तीनचाकी मालवाहू टेम्पो विकत घेतो आणि कसारा घाट उतरून घरी आणायचा असतो. अशा वेळी पिकअप नाही तर ट्रॅक्टरची ट्रॉली शोधावी लागते.

येथे एक गंमत सांगून टाकतो. ज्या 'टेम्पो'त आपण रिक्षा चढवतो, तो शब्दच मुळात एका तीनचाकी गाडीचा आहे. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या गाड्यांचे ते नाव. १९५८ साली फिरोदियांनी त्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली आणि तीन चाकांचा मालवाहू टेम्पो आपल्या रस्त्यांवर आला. २००५ साली त्या कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, पण आपल्या तोंडात टेम्पो राहिला तो राहिलाच. आता चार चाकांच्या, सहा चाकांच्या गाडीलाही आपण टेम्पोच म्हणतो.

तर ही तीन चाकांची गाडी चढवताना आणि बांधताना चार चाकांचे हिशेब चालत नाहीत. घरातली तिवई आठवा. तीन पायांची तिवई शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवरही डुगडुगत नाही. तिन्ही पाय आपोआप टेकतात. मात्र तिच्या दोन पायांच्या मधल्या कडेवर भार दिला की ती उलथते. रिक्षाचे तेच आहे. टेम्पोच्या हौद्यात ठेवली की ती इतकी घट्ट बसल्यासारखी दिसते की आता हलायची नाही, असे वाटते. पण तिची तीन चाके जोडली तर जमिनीवर त्रिकोण होतो. मागे रुंद, पुढे टोक. प्रवासी रिक्षाचे इंजिन मागे असते, म्हणून उभी असताना तिचा भार त्रिकोणाच्या रुंद बाजूजवळ असतो आणि ती स्थिर राहते. ब्रेक लागला की भार पुढे, म्हणजे टोकाकडे सरकतो. त्याच वेळी वळण असेल तर तो टोकाकडे आणि बाजूला असा तिरका जातो, आणि तिथे तर त्रिकोणाला जागाच नाही. घाट उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक आणि वळण एकत्रच येतात. चालत्या रिक्षा वळणावर उलटतात त्याचे एक कारण हेच, आणि टेम्पोत उभी असलेली रिक्षा कलंडते तेही याच कारणाने.

आता मापे पाहू. प्रवासी रिक्षाची लांबी साडेआठ फुटांच्या थोडी वर, रुंदी सव्वाचार फूट आणि रिकामी असताना वजन साधारण साडेतीनशे किलो. छोट्या चारचाकी टेम्पोचा हौदा सात-साडेसात फुटांचा असतो. त्यात रिक्षा जाते, पण फाळका बंद होत नाही आणि मागचे टोक बाहेर राहते. "जवळच तर जायचंय, चालेल," असे टेम्पोवाले दादा म्हणतील. चालत नाही. फाळका बंद होणे हा शेवटचा आधार आहे, तो सोडू नये. नऊ-दहा फुटी हौद्याचा पिकअप मिळवावा, भाड्याचे चार पैसे जास्त गेले तरी. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून ठरलेल्या मर्यादेबाहेर माल पुढे, मागे वा बाजूला काढून नेल्यास कायद्यात २० हजार रुपये दंड आहे. त्यापुढे भाड्यातला फरक काहीच नाही.

पिकअपचा हौदा जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच. एवढ्या उंचीवर साडेतीनशे किलो न्यायचे. चौघे-पाच जण धरून उचलतात, असेही पाहायला मिळते. एकाचा पाय घसरला की ज्याच्या बाजूला गाडी झुकते त्याचे मनगट नाही तर पाऊल जाते. उचलण्यासाठी धरायला जे भाग मिळतात ते पत्र्याचे आणि नळीचे, त्यामुळे गाडीही वाकते. उचलू नये.

आपल्या भागात याला एक फार चांगला उपाय आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. तो म्हणजे बांध. शहापूर-मुरबाडची जमीन चढउताराची. रस्त्याच्या कडेला कुठे ना कुठे शेताचा बांध, खोदलेली दरड किंवा मुरमाचा उंचवटा असतोच. टेम्पो उलटा घेऊन त्या उंचवट्याला मागचा भाग भिडवायचा, म्हणजे हौद्याची कड आणि जमीन एका पातळीत येतात. मध्ये वीतभर फट राहिली तर फळी टाकायची. रिक्षा सपाटीवरून सरळ आत जाते. वाटेत बंद पडलेली रिक्षा अर्धा किलोमीटर ढकलत नेऊन बांध गाठावा लागला, तरी तो वेळ वाया गेला असे समजू नये. एवढे पाहायचे की बांध पावसाने भिजून ढासळणारा नाही आणि टेम्पोची मागची चाके चिखलात नाहीत.

बांध मिळाला नाही तर फळ्या. नेहमीची चूक इथेच होते. मोटारसायकल चढवायला एक फळी लागते, जीप चढवायला दोन. रिक्षाला तीन लागतात, कारण पुढचे चाक मधोमध आहे! दोन फळ्या लावून मागची चाके त्यांवर घेतली की पुढचे चाक अधांतरी. मग दोघे जण पुढचा भाग हातांनी तोलून धरतात आणि मागचे दोघे ढकलतात. पुढच्यांना पाठ टेम्पोच्या हौद्याकडे करून उलटे चढावे लागते. त्यातला कुणी अडखळला तर काय होईल, ते वेगळे सांगायला नको. तेव्हा तिसरी फळी शोधा. मधल्या फळीच्या दोन्ही कडांना पट्ट्या ठोकल्या तर चाक घसरून खाली पडत नाही. फळ्या जाड हव्यात, मधोमध खालून दगडाचा किंवा ओंडक्याचा टेकू हवा, आणि वरची टोके हौद्याच्या कडेला दोराने बांधलेली हवीत. चाक फळीवर चढते तेव्हा ते फळीला मागे ढकलते. न बांधलेली फळी त्याच क्षणी निसटते.

फळी किती लांब घ्यावी? शाळेतला उतरणीचा नियम इथे उपयोगी पडतो. तीन फूट उंचीसाठी नऊ फुटांची फळी घेतली तर वजनाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेतीनशे किलोपैकी सुमारे ११७ किलोचा जोर लागतो. सहा फुटांची घेतली तर निम्मा, पावणेदोनशे किलो. आखूड फळीवर आणखी एक अडचण येते. हौद्याच्या कडेशी गाडी उंबरठ्यावर अडकल्यासारखी होते आणि पोट घासते. लांब फळीच चांगली. पावसाळ्यात फळीवर गोणपाट ठोकावे किंवा जाड वाळू टाकावी. ओल्या फळीवर टायरही घसरतो आणि माणसाची चप्पलही.

हा ११७ किलोचा जोर माणसांनी मागून लावायचा नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फळीवर चढणाऱ्या रिक्षाच्या मागे, सरळ रेषेत, कुणीही उभे राहू नये. दोर पुढून लावावा. तो हौद्याच्या पुढच्या मजबूत गजाला एक-दोन वेढे देऊन मग हातात धरावा. वेढ्यांच्या घर्षणामुळे ओढ कितीतरी हलकी होते आणि एकटा माणूसही गाडी रोखून धरू शकतो. विहिरीवर, बैलगाडीवर काम केलेल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. बाकीचे ओढतील, तो ढिला पडलेला दोर आवळत जाईल. एक जण बाजूला उभा राहून लांब दांडक्याच्या टोकाला बसवलेला लाकडी गुटका चाकामागे सरकवत राहील. हँडलवर एकच माणूस, तोही ब्रेक चालू असेल तरच. मागच्या सीटवर कुणी नको आणि पोरांना तर लांबच ठेवावे. रिक्षा चढताना गावातली सगळी पोरे जमतात.

गाडीचे तोंड कुठे असावे? बहुतेक जण सरळ पुढे तोंड करून आत घालतात. मला विचाराल तर, बांधावरून चढवत असाल आणि जमत असेल तर रिक्षा उलटी आत घ्यावी. तिची रुंद, जड बाजू टेम्पोच्या केबिनकडे आणि तोंड मागे. ब्रेक लागला की भार रुंद बाजूकडे जातो, टोकाकडे नाही. फळ्यांवरून मात्र उलटे चढवणे अवघड, कारण मधले चाक मागून येते आणि ते फळीवर ठेवणे कठीण जाते. तेव्हा सरळच चढवावी आणि बांधताना जास्त काळजी घ्यावी.

चढवण्याआधी बॅटरीची वायर काढावी. सीएनजी असेल तर टाकीचा हातव्हॉल्व्ह बंद करावा. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत, म्हणजे नंतर काच कुठे तडकली यावरून वाद होत नाही.

आता बांधणे. मालाची गाडी जोरात ब्रेक लावते तेव्हा आतला माल किती जोराने पुढे जातो, याचा हिशेब युरोपातल्या वाहतुकीच्या मानकात दिलेला आहे. पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के, बाजूला आणि मागे ५० टक्के एवढा जोर धरून बांधावे, असे ते सांगते. म्हणजे आपल्या रिक्षासाठी पुढे २८० किलो आणि बाजूला पावणेदोनशे. रिक्षाला चाके आहेत, त्यामुळे ती गोणीसारखी घासून थांबत नाही; लोळू लागते. हँडब्रेक ओढावा, गिअरही टाकावा, पण त्यांवर विसंबू नये. चाकांच्या पुढे-मागे लाकडी गुटके हौद्याच्या फळीला खिळ्यांनी ठोकावेत. हौदा पत्र्याचा असेल तर गुटके एकमेकांना आडव्या पट्टीने जोडून घ्यावेत. दगड लावणे रस्त्यावर ठीक, हौद्यात तो पहिल्या खड्ड्याला उडून बाजूला होतो. पेंढाही नको. पेंढ्याच्या पेंढ्या रंगाला ओरखडा येऊ नये म्हणून ठीक आहेत, रोखायला नव्हे.

दोर कशाला बांधायचा? हाताला सहज लागणारी प्रत्येक जागा चुकीची आहे. छताची नळी, काचेची चौकट, पुढचा बंपर, आरशाची दांडी, यांतली एकही नाही. वर बांधलेला दोर नळी वाकवतो, मग ढिला पडतो आणि मग गाडी डोलू लागते. खाली वाकावे लागते. पुढे चाकाजवळचा फोर्क, मागे चाकांना धरणाऱ्या आडव्या भुजा किंवा चासीचा आडवा भाग. चाकांजवळ बांधण्याचा फायदा असा की खड्ड्यात स्प्रिंग खालीवर झाली तरी दोराची लांबी बदलत नाही. वरच्या सांगाड्याला बांधले तर प्रत्येक गचक्याला दोर क्षणभर ढिला होतो आणि पुन्हा झटक्याने ताणला जातो. दोर तुटतात ते अशा झटक्यांनी. नाइलाजाने सांगाड्यालाच बांधावे लागले तर स्प्रिंग अर्धी दबेल इतके खाली ओढून बांधावे.

दोर चार. दोन मागच्या चाकांकडून हौद्याच्या कोपऱ्यांकडे, दोन पुढच्या फोर्ककडून डाव्या-उजव्या बाजूला. पुढचे दोन एकाच वेळी, सारखे ताणावेत. एकच आधी आवळला तर हँडल वळते आणि गाडी तिरकी होते. तिवईचा उघडा कोपरा झाकण्याचे काम हे दोन दोर करतात, म्हणून त्यांना बाजूला जितके पसरून बांधता येईल तितके बांधावे. शिवाय टेम्पो ज्या दिशेला चालला आहे तिकडे गाडी सरकू नये, यासाठी किमान दोन दोर गाडीपासून टेम्पोच्या मागच्या बाजूला ओढलेले हवेत. पुष्कळ जण सगळे दोर पुढे ओढून बांधतात. मग ब्रेक लागला की चारही एकदम ढिले!

गाठीचे म्हणाल तर निरगाठ मारू नये. ताणलेली निरगाठ सुटत नाही आणि शेवटी विळ्याने दोर कापावा लागतो. ट्रकवाले दोराच्या मध्ये एक फासा करतात, टोक हुकाखालून घेऊन त्या फाशातून ओढतात आणि सुरगाठ मारतात. त्या फाशाने कप्पीसारखे काम होते आणि दोर जास्त आवळला जातो. आपल्याकडे गवताच्या गाड्या भरणारी माणसे यात तरबेज आहेत, त्यांच्याकडून एकदा पाहून घ्यावे. नायलॉनचा दोर मजबूत, पण ताणाखाली लांबतो, म्हणून थोड्या अंतरावर पुन्हा आवळावा लागतो. काथ्याचा जुना दोर नको. हल्ली दात्यांच्या खटक्याने आवळायचे रुंद पट्टे बाजारात मिळतात. वारंवार हे काम करणाऱ्या टेम्पोवाल्याने चार पट्टे घेऊन ठेवावेत. पट्टा पत्र्याच्या धारेवरून जात असेल तिथे जुन्या टायरचा तुकडा घालावा.

पिकअप मिळाला नाही तर गावात ट्रॅक्टरची ट्रॉली मिळते. दोन चाकांच्या ट्रॉलीत भाराची जागा फार महत्त्वाची. भार मधल्या आसाच्या थोडा पुढे, ट्रॅक्टरकडे हवा. जड बाजू आसाच्या मागे गेली की ट्रॉलीचा जू वर उचलतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांचा जमिनीवरचा दाब कमी होतो आणि उतारावर तो आवरत नाही. रिक्षाचे इंजिन मागे, म्हणून इथे तर ती उलटीच आत घालणे बरे. ट्रॅक्टरपासून सुटी केलेली ट्रॉली भरू नये. मागच्या कडेवर रिक्षाचा भार आला की ट्रॉली मागे कलंडते. काही जण हायड्रॉलिकने ट्रॉली उचलून मागची कड जमिनीला टेकवतात आणि तिचाच चढ करतात. तो चढ फार उभा होतो. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, तेव्हा वेग सायकलइतकाच ठेवावा.

दिव्यांग व्यक्तींच्या बाजूला चाके लावलेल्या स्कूटरचा उल्लेख करायलाच हवा. तिला तीनचाकी म्हणतात, पण मूळचे मागचे चाक कायम ठेवून दोन बाजूंना दोन लावलेली असतील तर चाके भरतात चार. बाजूच्या चाकांच्या पट्ट्या नंतर जोडलेल्या असतात. त्यांना दोर बांधून ओढले तर त्या वाकतात आणि चाके फाकतात. दोर मूळ चासीला आणि पुढे हँडलच्या खालच्या जाड भागालाच बांधावा. रिक्षावाला चार दिवस दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवू शकेल. या स्कूटरच्या मालकाला दुसऱ्याची गाडी चालत नाही. त्यामुळे ही गाडी वाहून नेताना जास्त हळुवार हात हवा.

निघाल्यावर चार-पाच किलोमीटरवर थांबून सगळे दोर पुन्हा आवळावेत. घाट सुरू होण्याआधी पुन्हा एकदा. म्हशाच्या जत्रेला पौषात बैल टेम्पोतून येतात, त्यांना पाहिले असेल. वळण आले की बैल पाय फाकून स्वतःला सावरतो. रिक्षा सावरत नाही, तिच्यासाठी ड्रायव्हरने सावरायचे. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. त्या रस्त्यावर रिक्षाला स्वतःच्या चाकांवर जायला मनाई आहे, पण माल म्हणून ती जाऊ शकते. तिथल्या वेगात वाऱ्याचा जोर वेगळा असतो. हूडची कापडी बाजू, पडदे, सुटे झाकण, सगळे सुतळीने बांधून घ्यावे, नाहीतर हूड फाटतेच आणि उडालेला तुकडा मागच्या गाडीच्या काचेवर जातो.

रिक्षाचा मालक पुष्कळदा म्हणतो, मी माझ्या गाडीतच बसतो, लक्ष राहील. त्याची घालमेल समजते. कर्जाचे हप्ते चालू असतात, घर त्याच गाडीवर चालते. तरीही त्याला हौद्यात बसू देऊ नये. नियमात ते बसत नाही, आणि दोर सुटलाच तर त्याने आत बसून गाडी थांबणार नाही, तो मात्र तिच्याबरोबर जाईल. केबिनमध्ये जागा करावी.

उतरवताना माणसे दमलेली असतात आणि अंधारही पडलेला असतो, म्हणून घाई होते. टेम्पो सपाट जागी लावावा, फाळका उघडण्याआधी गाडी त्याच्यावर रेलली आहे का ते पाहावे. सगळे दोर एकदम सोडू नयेत. आधी फळ्या लावून त्यांची टोके बांधावीत, ओढायचा दोर पुन्हा पुढच्या गजाला वेढे देऊन धरावा, मग बाजूचे दोर सोडावेत आणि सर्वांत शेवटी गुटके काढावेत. वेढे एकेक करत सैल सोडले की रिक्षा हळूहळू खाली येते. ती तिन्ही चाकांनी जमिनीवर टेकून हँडब्रेक लागेपर्यंत वेढ्याचा दोर हातातून सोडू नये.